दहा घरांसाठी एकच काळा : डार्करूममध्ये प्रिंट किती वेळ डेव्हलप करावी, याच्या शोधात गेलेले आठ महिने

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, ५ नोव्हेंबर २०२३ रोजी, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी दहा कारागिरांचा एक गटफोटो काढला. जुना यशिका कॅमेरा होता, रोल कृष्णधवल होता, आणि सर्वांच्या पुढ्यात नुकतेच पॉलिश झालेले चार तानपुरे उभे केले होते. फोटो काढून झाल्यावर मी सर्वांना सांगून बसले की, प्रत्येकाला मी स्वतःच्या हाताने डार्करूममध्ये केलेली एक प्रिंट देईन आणि दहाही प्रिंटा एकसारख्या असतील. त्या दिवशी माझ्याकडे डार्करूम नव्हती, आणि प्रिंट डेव्हलपरमध्ये, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, किती वेळ ठेवायची असते हेही मला ठाऊक नव्हते. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे दुसरा आणि चौथा शनिवार एवढाच मोकळा वेळ माझ्या हाती होता. शब्द पाळायला पुढचा जुलै उजाडला. या काळात मी जे शिकले, त्यातला बराचसा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो प्रश्न कोणालाही पहिल्याच संध्याकाळी पडतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रोल धुण्यासाठी मुंबईला पाठवला, तो सोळा दिवसांनी निगेटिव्ह होऊन परत आला. डिसेंबरात सांगलीच्या एका निवृत्त स्टुडिओचालकांनी मला दोन रविवार शिकवले. त्यांना मी काकाच म्हणते. एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हमधून उजेड पाडून कागदावर मोठे चित्र घेणाऱ्या यंत्रावर, निगेटिव्ह कशी बसवायची, कागदाची गुळगुळीत बाजू अंधारात बोटांनी कशी ओळखायची, चिमटे एका ट्रेमधून दुसऱ्यात का न्यायचे नाहीत, हे सारे त्यांनी प्रेमाने दाखवले. किती वेळ डेव्हलप करायचे, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “चेहरा भरला की उचलायचे.” कागदाच्या पाकिटातल्या माहितीपत्रकात एक मिनिट असे छापलेले होते. डी-७२ या जुन्या आणि सर्वज्ञात डेव्हलपरची कृती मी उतरवून घेतली होती, तिच्यासोबत दीड ते दोन मिनिटे लिहिलेली होती. तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली, आणि ही तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत हे कळायला मला पुढचे चार महिने लागले.

सामान जमवण्यात डिसेंबर गेला. इचलकरंजीतल्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून सहा बाय सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह घेणारा एन्लार्जर ८,५०० रुपयांना मिळाला. भिंगावरची बुरशी साफ करण्याचे ९०० रुपये वेगळे पडले. रसायनांसाठी मात्र दोन खेपा झाल्या. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानदाराने पहिल्या दिवशी मेटॉल आणि हायड्रोक्विनोन देण्यास नकार दिला, कारण संस्थेचे पत्र माझ्याजवळ नव्हते. मी साध्या कागदावर हेतू, प्रत्येक रसायनाचे वजन आणि घरचा पत्ता लिहून सही केली, आधार कार्डाची प्रत जोडली, आणि त्याने ती मालकांना दाखवून अकरा दिवसांनी माल दिला. तुम्ही जाणार असाल तर हा अर्ज आधीच लिहून न्या आणि ‘फोटो’ एवढेच न लिहिता ‘कृष्णधवल छायाचित्रांचा डेव्हलपर बनवण्यासाठी’ असे स्पष्ट लिहा. सर्व रसायनांचे मिळून सुमारे २,३०० रुपये झाले. सरावासाठी प्लॅस्टिकचा थर असलेला कागद, ज्याला सगळे आरसी म्हणतात, तो मी मुंबईला फोर्टमधल्या बोरा बाजारातून आणला. मला अखेरच्या प्रिंटा जाड, कापसासारख्या फायबर कागदावर करायच्या होत्या; तो तिथे त्या दिवशी मिळाला नाही, तेव्हा तो विषय पुढे ढकलला.

डेव्हलपर घरी बनवणे अवघड नाही, पण क्रम चुकवता येत नाही. एक लिटर साठ्याच्या द्रावणासाठी मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट ८० ग्रॅम (एका रेणूमागे पाण्याचा एक रेणू असलेले, निर्जल असेल तर सुमारे ६८ ग्रॅम) आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम लागते. पाऊण लिटर कोमट पाण्यात, म्हणजे पन्नास अंशांच्या आसपास, आधी सल्फाइटची फक्त एक चिमूट टाकायची, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्यायचे, त्यानंतरच उरलेले सल्फाइट व बाकीची रसायने याच क्रमाने घालायची, आणि शेवटी पाणी घालून एकूण एक लिटर करायचे. सल्फाइट भरपूर असलेल्या पाण्यात मेटॉल नीट विरघळत नाही. चिमूटभर सल्फाइट आधी टाकायचे ते मेटॉल हवेने खराब होऊ नये म्हणून. वापरताना या द्रावणाच्या एका भागात दोन भाग पाणी मिसळायचे. मेटॉलमुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत आणि भुकटी मोजताना नाकावर रुमाल बांधावा. डेव्हलपरनंतरच्या, त्याचे काम तिथेच थांबवणाऱ्या स्टॉप बाथसाठी मी किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर एक भाग आणि पाणी दोन भाग घेते, आणि तिसऱ्या ट्रेमध्ये चित्र पक्के करणारा हायपो असतो.

पहिली संध्याकाळ १३ जानेवारीची. न्हाणीघराच्या झरोक्याला काळे कापड दुहेरी लावले, कमोडवर फळी टाकून तीन ट्रे मांडले, कागदाला लाल उजेड लागत नाही म्हणून लाल रंगाचा झिरोचा बल्ब लावला आणि दार लावून घेतले. डेव्हलपर १८ अंशांवर होता. कागदावर पंचवीस सेकंद उजेड दिला आणि कागद ट्रेमध्ये सरकवला. दहाबारा सेकंदांत तानपुऱ्यांचे भोपळे उमटू लागले, पाठोपाठ टोप्या, मिशा, हातांच्या शिरा दिसू लागल्या. त्या क्षणी माझ्या पोटात आनंदाने खड्डा पडला, हे मोकळेपणाने सांगते. पण चित्र थांबेना. चेहरे बघता बघता भरले, आणखी गडद होऊ लागले, आणि फोटो हातचा जाणार या भीतीने मी पस्तिसाव्या सेकंदाला कागद उचलून स्टॉप बाथमध्ये टाकला. त्या रात्री अशा सहा प्रिंटा केल्या; कुठे तीस सेकंद, कुठे पन्नास, जसा जीव घाबरेल तसे.

सकाळी उजेडात पाहिले तेव्हा एकही प्रिंट धड नव्हती. चेहरे बरे होते, पण भोपळ्यांवरचा गडद लकाकता रंग, ज्यासाठी हे लोक आठवडेच्या आठवडे पॉलिशचे हात देतात, तो चिखलट करडा दिसत होता. मागच्या भिंतीवर ढगांसारखे डाग पडले होते. सहापैकी कोणत्याही दोन प्रिंटा एकमेकींसारख्या नव्हत्या. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आणि तो आठवडा कोणाशी याविषयी बोलले नाही.

यात दोन चुका होत्या. लाल उजेडात ओली प्रिंट असते त्यापेक्षा अधिक गडद दिसते, त्यामुळे नवशिक्या माणूस नेहमी लवकर उचलतो. आणि लवकर उचलल्याने उजेड जास्त दिल्याची चूक भरून निघत नाही. प्रिंट वरवर योग्य छटेची वाटते, पण तिचा काळा अर्धवट राहतो आणि द्रावण जिथे आधी पोहोचले तिथे डाग दिसतात. हे असे का होते ते समजून घेतल्याखेरीज माझा हात थांबला नसता, म्हणून थोडे सविस्तर सांगते. कागदाच्या थरातील चांदीच्या क्षारांच्या कोणत्या कणांना उजेड लागला, हे एन्लार्जरखालीच ठरलेले असते. डेव्हलपर त्या कणांचे रूपांतर काळ्या चांदीत करतो. फिल्मच्या बाबतीत हे काम ठरावीक वेळी मध्येच थांबवतात, आणि वेळ वाढवली की छटांमधले अंतर वाढते. कागदाचे तसे नसते. त्यातले काम जवळजवळ पूर्ण होऊ द्यायचे असते. ते पूर्ण होत आले की चित्र बदलणे जवळपास थांबते, आणि त्यानंतर आणखी मिनिटभर ठेवले तरी फरक थोडाच पडतो. म्हणून प्रिंट गडद की फिकी हे एन्लार्जरच्या सेकंदांनी ठरवायचे, छटांमधला विरोध एन्लार्जरला लावायच्या रंगीत फिल्टरने ठरवायचा, आणि डेव्हलपरचा वेळ एकदा ठरला की त्याला हात लावायचा नाही.

तो वेळ ठरवायचा कसा, याची चाचणी मी २७ जानेवारीला केली. एका संध्याकाळचे हे काम आहे आणि त्यात जेमतेम दोन कागद खर्च होतात. कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला आणि उरलेल्या अर्ध्यावर एन्लार्जरचा भरपूर उजेड पडू दिला, म्हणजे तो भाग जितका काळा होऊ शकतो तितका व्हावा. मग २० अंशांच्या ताज्या डेव्हलपरमध्ये पहिली पट्टी २० सेकंद, दुसरी ४०, पुढच्या ६०, ९०, १२० आणि १८० सेकंद ठेवल्या, मागे पेन्सिलीने आकडे लिहिले आणि सर्व पट्ट्या सारख्याच स्टॉप व हायपोतून काढून वाळवल्या. दिवसाच्या उजेडात त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर २० सेकंदांची पट्टी मातकट दिसली, ४० ची बरी, ६० ची काळी. ६० आणि ९० मधला फरक मला डोळे बारीक करूनही नीट सांगता आला नाही, आणि ९० नंतर फरक उरलाच नाही. मी माझ्या आरसी कागदासाठी ९० सेकंद ठरवले. काळा साठाव्या सेकंदाला जवळपास पूर्ण होत असेल, तर वर तीस सेकंदांची मोकळीक ठेवली की ट्रे हलवण्यातली लहानसहान चूक चित्रात उतरत नाही.

त्याच पट्ट्यांच्या झाकलेल्या, पांढऱ्या अर्ध्या भागाने मला दुसरी गोष्ट सांगितली. १८० सेकंदांच्या पट्टीचा पांढरा भाग बाकीच्यांपेक्षा किंचित मळकट होता. इतक्या वेळात ताज्या डेव्हलपरमुळे असे व्हायला नको होते, म्हणून लाल दिव्यावर संशय आला. एका कागदाला एन्लार्जरखाली अगदी फिकट राखाडी येईल एवढाच उजेड दिला, त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवून लाल दिव्याखाली सात मिनिटे तसाच राहू दिला आणि मग डेव्हलप केला. नाण्याचा गोल स्पष्ट उमटला. बाजारातला रंगवलेला लाल बल्ब लाल असतो, पण त्यातून इतर उजेडही निसटतो. नवीन लाल एलईडी दिवा ४५० रुपयांना आणला, तो ट्रेपासून चार फूट दूर, भिंतीकडे तोंड करून लावला, आणि पुन्हा तीच चाचणी केल्यावर नाणे दिसले नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदावर ही चाचणी करू नका, कारण थोडासा निसटता उजेड कोऱ्या कागदावर दिसत नाही, पण चित्रातल्या फिकट छटांमध्ये नक्की मिसळतो. डेव्हलपिंगचा वेळ वाढला की कागद त्या दिव्याखालीही तितका जास्त राहतो, हे लक्षात घेऊनच दिवा निवडावा.

पट्ट्या घेऊन मी काकांकडे गेले. माझ्या मनात होते की, त्यांचा नियम चुकीचा निघाला हे त्यांना कसे सांगावे. त्यांनी पट्ट्या खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, “मॅडम, माझा चेहरा दोन मिनिटांनीच भरायचा.” म्हणजे चाळीस वर्षे एकच दिवा, एकच कागद आणि एकच एन्लार्जर वापरल्यामुळे त्यांचा हात उजेडच असा देत असे की दोन मिनिटे होताना चेहरा बरोबर यावा. ते डोळ्यांनी उचलत होते, पण वेळ त्यांच्या हातात आधीच बसलेला होता. मी फक्त उचलणे शिकले होते. त्या दिवशी त्यांनी मला कागदाचा एक रिकामा पुठ्ठ्याचा डबा दिला. तो उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ कागदाचा आहे. १९६० साली स्थापन झालेला तो सरकारी कारखाना आता बंद आहे. माझ्या चाचणीच्या सगळ्या पट्ट्या मी त्याच डब्यात ठेवते.

फायबर कागद १९ फेब्रुवारीला परदेशातून मागवला. टपालाने येणाऱ्या पार्सलवर सीमाशुल्क लागते, ओळखपत्राची प्रत आणि खरेदीची पावती मागितली जाते, आणि ती दिल्यावर वाट पाहण्याखेरीज काही करता येत नाही. मला खरी धास्ती होती ती तपासणीसाठी कोणी पाकीट उघडेल याची, कारण काळी पिशवी एकदा उजेडात उघडली की सगळे कागद वाया जातात. विक्रेत्याला आधीच लिहून पाकिटाच्या बाहेर आणि आतल्या पिशवीवरही ‘प्रकाशाला संवेदनशील, फक्त अंधाऱ्या खोलीत उघडावे’ असे ठळक लिहून घेतले होते. तुम्हीही ते अवश्य करा. २८ मार्चला पार्सल न उघडता आले. २५ कागद, शुल्क धरून ५,६०० रुपये. एका कागदाचे २२४ रुपये झाले, तेव्हा यापुढे अंदाजाने काही करायचे नाही असे ठरवून टाकले.

फायबर कागदासाठी पट्ट्यांची चाचणी पुन्हा केली. हा कागद डेव्हलपर शोषून घेतो आणि सावकाश काम करतो. काही आरसी कागदांच्या थरातच डेव्हलपिंगचे द्रव्य मिसळलेले असते, तसे यात नसते. २० अंशांवर याचा काळा ९० सेकंदांपर्यंत वाढतच राहिला, १२० ला स्थिरावला. मी १५० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटे, ठरवली.

आणि मग उन्हाळा आला. १३ एप्रिलला गच्चीवरच्या टाकीतले पाणी ३१ अंशांवर होते. ट्रेखाली मोठे घमेले ठेवून त्यात बर्फ घातला, तर डेव्हलपर आधी १७ पर्यंत उतरला आणि पंचवीस मिनिटांत परत २७ वर चढला. एका बाटलीत बर्फ भरून ती थेट ट्रेमध्ये बुडवली, तर बाहेरच्या दवाचे थेंब द्रावणात पडू लागले. त्या रात्री अडीच मिनिटांच्या चार प्रिंटा केल्या आणि चारही वेगवेगळ्या आल्या, कारण अडीच मिनिटे हा आकडा २० अंशांच्या ताज्या डेव्हलपरचा होता आणि माझ्या ट्रेमध्ये ते दोन्ही नव्हते. उष्णतेने काम वेगात होते. उलट थंडीत ते मंदावते, आणि १३ अंशांच्या खाली हायड्रोक्विनोन जवळजवळ काम करेनासेच होते, हे नाशिककडच्या किंवा महाबळेश्वरच्या वाचकांनी जानेवारीत ध्यानात ठेवावे.

यावरचा उपाय बराच जुना आहे. आल्फ्रेड वॉटकिन्स या इंग्रज छायाचित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात काचेच्या निगेटिव्हसाठी गुणकाची पद्धत सांगितली, आणि कागदासाठीही ती चालते. कागद द्रावणात गेल्यापासून चित्राची पहिली खूण दिसेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचे आणि त्याला एका ठरावीक आकड्याने गुणायचे. जो गुणाकार येईल तो त्या प्रिंटचा पूर्ण वेळ. द्रावण गरम असेल तर खूण लवकर दिसते आणि वेळ आपोआप कमी होतो. द्रावण थकले असेल तर खूण उशिरा दिसते आणि वेळ वाढतो. माझ्या फायबर कागदावर, २० अंशांना, डावीकडच्या पहिल्या भोपळ्याची कड २२ व्या सेकंदाला दिसत होती. १५० ला २२ ने भागले तर सात भरायला थोडेच कमी पडते. माझा गुणक सात ठरला. २७ एप्रिलला मी हे करून पाहिले. एक प्रिंट २८ अंशांना केली, तिची कड १४ व्या सेकंदाला दिसली, म्हणून ती ९८ सेकंद ठेवली. दुसरी बर्फाने २१ अंशांवर आणून केली, कड २१ व्या सेकंदाला, वेळ १४७. वाळल्यावर दोन्ही एकमेकींवर ठेवून कोपरे दुमडून पाहिले. काळा सारखा होता. गेले कित्येक आठवडे मी फक्त याच एका गोष्टीसाठी झटत होते, आणि त्या प्रिंटा उन्हात धरून मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिले.

गुणक वापरताना दोन पथ्ये पाळावी लागतात. खूण नेहमी चित्राच्या त्याच जागी पाहायची, आणि ती जागा गडद छटेची असावी, कारण चेहऱ्यासारखी मधली छटा केव्हा दिसू लागली हे लाल उजेडात नेमके सांगता येत नाही. आणि त्या रात्री एन्लार्जरचे सेकंद अजिबात बदलायचे नाहीत, नाहीतर खूण कशामुळे सरकली ते कळत नाही. अगदी तापलेल्या द्रावणातही मी एक मिनिटाखाली जात नाही. वेळ तितका कमी येऊ लागला की तेवढ्यापुरता बर्फ लावते.

हाताची सवय हीसुद्धा वेळेचाच भाग आहे. कागद एका दमात, चित्राची बाजू वर ठेवून, द्रावणाखाली सरकवावा आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करावे. ट्रेचा एक कोपरा दर पाच-सहा सेकंदांनी हलकेच उचलून खाली ठेवावा, दर वेळी वेगळा कोपरा. शेवटचे दहा सेकंद कागद चिमट्याने धरून निथळत ठेवावा, आणि ते दहा सेकंद वेळेतच मोजावेत. मी जानेवारीत कागद निथळू देत नव्हते आणि स्टॉप बाथही त्यामुळे लवकर निकामी होत असे. मोबाइलचे घड्याळ डार्करूममध्ये आणू नये, त्याचा पडदा एकदा उजळला तरी उघडा कागद गेला. मी बॅटरीचे टिकटिक करणारे भिंतीवरचे घड्याळ दाराबाहेर टांगले आणि टिकटिक मोजायला शिकले.

मे महिन्यात एक नवीन अडचण निघाली. ट्रेमध्ये आणि धुतानाही अगदी बरोबर वाटलेली फायबर प्रिंट वाळल्यावर गडद झाली. टोप्यांची पांढरी शुभ्र घडी मळल्यासारखी दिसू लागली. फायबर कागद वाळताना असे होतेच आणि ते डेव्हलपिंगचा वेळ कमी करून दुरुस्त करायचे नसते. मी एन्लार्जरचा उजेड १८ सेकंदांवरून साडेसोळावर आणला, म्हणजे सुमारे आठ टक्क्यांनी कमी केला, आणि ओली असताना थोडी फिकी भासणारी प्रिंट वाळल्यावर बरोबर आली. निर्णय नेहमी वाळलेल्या प्रिंटवर घ्यावा. एका चाचणीचे तीन तास वाढतात, पण कागद वाचतो.

जूनमध्ये मी काही केले नाही, पाऊस पडून पाणी निवण्याची वाट पाहिली. त्या वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले होते, गल्लीत पाहुण्यांची ये-जा वाढली होती, आणि भेटेल तो कारागीर फोटोचे विचारत होता. मला त्यांच्यासमोरून जायला संकोच वाटू लागला होता.

१३ जुलै २०२४, दुसरा शनिवार. रात्री साडेआठला सुरुवात केली. डेव्हलपर २४ अंशांवर, दीड लिटर. दोन नंबरचा फिल्टर. उजेड साडेसोळा सेकंद. पहिल्या प्रिंटची कड १८ व्या सेकंदाला दिसली, म्हणून ती १२६ सेकंद ठेवली. स्टॉप बाथमध्ये अर्धा मिनिट, पहिल्या हायपोत पाच मिनिटे, दुसऱ्या हायपोत पाच मिनिटे, आणि मग पाण्याची बादली. पाचव्या प्रिंटला कड १९ ला दिसली, आठव्याला २१ ला, अकराव्याला २२ ला. द्रावण थकत चालले होते आणि तसतसा वेळ वाढत होता. एक प्रिंट चिमट्याने खरवडली गेली, एकीवर स्टॉप बाथचा थेंब आधीच उडाला, एकीच्या वेळी माझी मोजणी चुकली. या तीन बाजूला ठेवल्या. पंधराव्या कागदाला कड २४ ला दिसली आणि तो १६८ सेकंद ठेवला. कड पहिल्या वेळेच्या दीडपट उशिरा, म्हणजे २७ ला, दिसली असती तर द्रावण फेकून नवे करायचे असे आधीच लिहून ठेवले होते, पण ती वेळ आली नाही. बारा चांगल्या प्रिंटा मिळाल्या: दहा कारागिरांना, एक काकांना, एक मला.

धुण्याचे काम रविवारी पहाटेपर्यंत चालले. फायबर कागद वाहत्या पाण्यात तासभर धुवावा असे सांगतात. एवढे पाणी सोडणे मला पटले नाही. प्रिंटा आधी दोन टक्के सल्फाइटच्या पाण्यात दहा मिनिटे हलवत ठेवल्या, त्याने हायपो लवकर निघतो, आणि मग बादलीचे पाणी दर पाच मिनिटांनी बदलले. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, ती गटारात किंवा झाडांना घालू नये. मी तो कॅनमध्ये साठवून एक्स-रे केंद्रांचा हायपो गोळा करणाऱ्या माणसाकडे दिला. प्रिंटा मच्छरदाणीच्या कापडावर उपड्या वाळवल्या, आणि त्या पापडासारख्या वळल्या तेव्हा दोन दिवस जाडजूड खातेवह्यांखाली दाबून ठेवल्या. प्रत्येकीच्या मागे मऊ पेन्सिलीने उजेडाचे सेकंद, खुणेचे सेकंद आणि एकूण वेळ लिहिला.

२१ जुलैच्या रविवारी मी त्या गल्लीत नेल्या. सर्वांत वयस्कर चाचांनी आपली प्रिंट हातात घेतली आणि चेहऱ्यांकडे न पाहता आधी तानपुऱ्याच्या भोपळ्यावरची लकाकी पाहिली. पॉलिश बरोबर उतरले आहे, असे ते म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या नातवाने शेजारच्या घरातली प्रिंट आणून दोन्ही उलट्या ठेवल्या, आणि फोटो तर एकच आहे मग हिच्यामागे १२६ आणि तिच्यामागे १६८ का लिहिले आहे, असे त्याने मला विचारले. पाणी थकत गेले तसा वेळ वाढवावा लागला, तरच दोन्हींचा रंग सारखा आला, असे मी त्याला सांगितले. चाचांनी मान हलवली.

“पावसात पॉलिशला पण जास्त दिवस द्यावे लागतात, ताई,” ते म्हणाले, आणि फोटो कुठे लावायचा हे पाहायला उठले. स्पिरिटचे शिंतोडे उडतात त्या भिंतीवर नको, असे मी म्हटले, तेव्हा त्यांनी तो आतल्या खोलीत, घड्याळाखाली लावला.

फायबर कागदाचे तीन तुकडे पाकिटात उरले आहेत.